टीएच्या जवानाने तक्रार कशी मांडावी: खान्देशातल्या नव्या भरतीसाठी

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पारोळा तालुक्यातला एक तरुण माझ्या ओट्यावर येऊन बसला. टेरिटोरियल आर्मीत (टीए, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून बोलावल्यावर जायची प्रादेशिक सेना) भरती होऊन त्याला तीनच वर्षं झाली होती. वार्षिक कॅम्प आटोपून घरी आला, तर ज्या जिनिंगमध्ये तो हिशेब लिहायचा तिथल्या मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूस लावलेला. कॅम्पच्या दिवसांपैकी एकोणीस दिवसांचा पगारही खात्यात आलेला नव्हता. 'आबा, आते काय करू?' एवढं बोलून त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

कागदावर एकच अर्ज होता. वर कलेक्टर साहेबांचं नाव, खाली प्रती कुणाकुणाला: खासदार, आमदार, पंतप्रधान, लष्करप्रमुख. मजकुरात नोकरी गेल्याचं दुःख, पगाराचे एकोणीस दिवस, आणि शेवटी प्लाटूनच्या हवालदाराने सगळ्यांसमोर अपमान केल्याची हकीकत. तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पण त्यांचे दरवाजे तीन वेगवेगळे आहेत, आणि त्याने ज्यांच्या पत्त्यावर पाठवलं त्यांतला एकही त्यांच्यासाठी पहिला दरवाजा नव्हता.

मी बावीस वर्षं टीएत काढली, त्यातली बरीच बटालियनच्या ऑफिसात क्लार्क म्हणून. कुणाचा अर्ज आठ दिवसांत निकाली निघतो आणि कुणाचा तीन वर्षं फायलीत पडून राहतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलं आहे. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची पोरं कामाला कुठेच कमी पडत नाहीत, पण कागदाला घाबरतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत आधी तारीख बघा

ज्या दिवशी अन्याय झाला त्या दिवशी तुम्ही एम्बॉडीड होता (म्हणजे बोलावणं येऊन सेवेवर हजर होता) की घरी, हा पहिला प्रश्न. बाकी सगळं याच्या उत्तरावर ठरतं.

टीए उभी राहिली ती १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याने. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, म्हणून आपण तो दिवस साजरा करतो. या कायद्याच्या कलम ९ नुसार जवान जेव्हा बोलावला जातो, एम्बॉडी होतो किंवा नियमित सेनेला जोडला जातो, तेव्हा त्याला १९५० चा आर्मी अॅक्ट लागू होतो. म्हणजे त्या काळात तुम्ही पूर्ण फौजी. शिस्तही तीच आणि तक्रारीचा हक्कही तोच. डिसएम्बॉडी होऊन, म्हणजे सेवेतून मोकळे होऊन, गावी आलात की तुम्ही पुन्हा शेतकरी, दुकानदार, कामगार. मग बांधावरच्या भांडणाला पोलीस ठाणं आणि तहसील, पगाराच्या वादाला कामगार कार्यालय. तिथे फौजेचा शिक्का दाखवून काम होत नाही, आणि दाखवूही नये.

त्या तरुणाच्या कागदावर मी लाल पेनाने तीन रेघा मारल्या. एकोणीस दिवसांचा पगार: बटालियन. हवालदाराचं वागणं: कंपनी कमांडर, आर्मी अॅक्ट कलम २६. जिनिंगची नोकरी: प्रादेशिक सेना कायदा, कलम ७-अ. त्याला म्हटलं, आता तीन कोरे कागद घे.

कागदांची पत्र्याची पेटी

अर्ज लिहिण्याआधी पुरावा गोळा करा. याच कामात सर्वांत जास्त लोक कमी पडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

एम्बॉडिमेंटचं बोलावणं आलं की त्या पत्राची झेरॉक्स काढून घरी ठेवा. मूव्हमेंट ऑर्डर (कुठून कुठे जायचं त्याचा लेखी आदेश), रेल्वे वॉरंट (सरकारी खर्चाच्या प्रवासाचा कागद), भुसावळहून निघालेल्या गाडीचं तिकीट, सुट्टीचं सर्टिफिकेट, पगाराची स्लिप, डिसएम्बॉडी झाल्याचा कागद, सगळं एका पेटीत. सोबत एक शंभर पानी वही. रोज लिहायची गरज नाही. हजर झाल्याची तारीख आणि वेळ, कुठल्या कंपनीत, कुणाच्या हाताखाली, कधी आजारी पडलो, कधी सुटलो, एवढं पुरे.

आणि एक शब्द पाठ करा: पार्ट टू ऑर्डर. तुमचं एम्बॉडी होणं, सुट्टी, बढती, लग्न, मूल, दुखापत, हे सगळं बटालियन पार्ट टू ऑर्डरमध्ये छापते, तेव्हाच ते रेकॉर्ड ऑफिसात आणि पगाराच्या हिशेबात चढतं. ऑर्डर निघाली नाही तर कागदावर तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हताच, मग भले तुम्ही पहाऱ्यावर पावसात भिजत उभे असा. पगार अडकला की 'पैसे का आले नाहीत' असं विचारू नका. 'माझ्या एम्बॉडिमेंटची पार्ट टू ऑर्डर कितव्या नंबरने, कुठल्या तारखेला निघाली' असं विचारा. हा प्रश्न विचारणाऱ्या जवानासाठी क्लार्क लगेच रजिस्टर उघडतो. मी स्वतः उघडायचो.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. शेवटच्या वर्षी माझी सेवा मोजली तेव्हा अकरा दिवस कमी भरले. कितीतरी वर्षांपूर्वी एका युनिटशी जोडलेला असताना तिथून माझी ऑर्डरच निघाली नव्हती. टीएत जवान आणि जेसीओंना (सुभेदारांसारखे, जवान आणि ऑफिसर यांच्या मधले अधिकारी) पेन्शन मिळते ती प्रत्यक्ष एम्बॉडीड सेवेची पंधरा वर्षं भरल्यावर (ऑफिसरांना वीस). नुसतं नाव पटावर असलेली वर्षं त्यात धरत नाहीत. त्यामुळे एकेक दिवस मोलाचा. माझ्या पेटीत त्या वेळच्या मूव्हमेंट ऑर्डरची कार्बन कॉपी निघाली. निळी शाई फिकट होऊन जांभळी झाली होती, पण गोल शिक्क्यातली तारीख वाचता येत होती. त्या एका कागदावर अकरा दिवस परत मिळाले. तो नसता तर माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला असता, असं मला वाटत नाही.

आधी तोंडी

एम्बॉडीड असताना पहिली पायरी तोंडीच असते. प्लाटूनचे किंवा कंपनीचे सीनिअर जेसीओ साहेब, मग कंपनी कमांडर. 'साहेब, अर्जी आहे' म्हणून वेळ मागा आणि दोन मिनिटांत सांगता येईल असं तयार करून जा. निम्म्याहून जास्त गोष्टी इथेच सुटतात: सुट्टी, मेसचं जेवण, ड्यूटीची वाटणी, राहिलेला भत्ता. सैनिक सम्मेलनातही, म्हणजे साहेब सगळ्या जवानांना एकत्र भेटतात तिथेही, विचारता येतं, पण तिथे सगळ्यांच्या कामाचा प्रश्न विचारावा. कुणा एकाचं नाव घेऊन तक्रार करायची ती जागा नाही.

तोंडी बोलल्यावर वहीत नोंद करा: तारीख, कुणाशी बोललो, काय उत्तर मिळालं. लेखी अर्जाची सुरुवात याच नोंदीतून होते.

अर्ज कसा लिहावा

त्या तरुणाच्या कागदावरचं वाक्य होतं: 'माझ्यावर घोर अन्याय झाला असून माझे कुटुंब देशोधडीला लागले आहे तरी साहेबांनी योग्य ती कारवाई करावी.' यावर कुठला ऑफिसर काय करणार? दुःख कळतं, पण योग्य ती कारवाई कोणती हे कळत नाही.

आम्ही दोघांनी बसून ते असं केलं: 'मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वार्षिक प्रशिक्षणासाठी एम्बॉडीड होतो. मूव्हमेंट ऑर्डरची प्रत सोबत आहे. यापैकी शेवटच्या १९ दिवसांचा पगार खात्यात जमा झालेला नाही. बँकेच्या पासबुकाची प्रत सोबत आहे. याबाबत मी अमुक तारखेला कंपनीच्या सीनिअर जेसीओ साहेबांना भेटलो. विनंती की या कालावधीची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का हे तपासावे, निघाली नसल्यास काढावी आणि पगार मिळावा.'

पाच-सहा वाक्यं. काय घडलं, कधी, पुरावा काय, आधी कुणाला सांगितलं, आणि नेमकं काय हवं. एका अर्जात एकच विषय. वर आर्मी नंबर, रँक, नाव, कंपनी; खाली सही, तारीख, गावचा पूर्ण पत्ता आणि मोबाईल. भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवा. मराठा बटालियनमध्ये साहेबांशी मराठीत बोललात तर कुणी अडवणार नाही, पण अर्ज पुढे पुणे आणि दिल्लीला जाणार असतो. चांगली मराठी येते आणि हिंदी मोडकी आहे म्हणून लाजू नका. मोडक्या हिंदीतला तारीखवार अर्ज चालतो.

दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. एम्बॉडीड असताना अर्ज नेहमी कंपनीमार्फत वर जातो. घरी असाल तर कमांडिंग ऑफिसरांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती पेटीत टाका. महिनाभरात उत्तर नाही आलं तर पहिल्या अर्जाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. नवा अर्ज लिहू नका. नवा अर्ज म्हणजे नवी फाईल, आणि जुनी तिथेच राहते.

कलम २६

वरिष्ठाने अन्याय केला आहे असं जवानाला वाटलं तर त्याला तक्रारीचा कायदेशीर हक्क आहे. तो आर्मी अॅक्टच्या कलम २६ मध्ये लिहिलेला आहे (ऑफिसरांसाठी कलम २७). जवान कंपनीत असेल तर कंपनीच्या कमांडरकडे तक्रार करायची. तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर त्याच्या लगेच वरच्या अधिकाऱ्याकडे. आणि ज्याच्याकडे तक्रार आली त्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी करायची किंवा ती वर पाठवायची, हे बंधनही त्याच कलमात घातलेलं आहे. त्यामुळे हक्काची तक्रार करताना आपण काही गुन्हा करतो आहोत असं मनात आणू नका. माझ्या अनुभवात नीट मांडलेल्या तक्रारीने चांगल्या ऑफिसरला राग येत नाही. राग येतो तो परस्पर बाहेर गेल्याचा.

याच ठिकाणी तीन गोष्टींपासून लांब राहा. खोटं लिहू नका आणि महत्त्वाची गोष्ट लपवू नका. तक्रारीत जाणूनबुजून खोटा आरोप करणं किंवा वस्तुस्थिती दडवणं हा कलम ५६ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरं, पाच-सात जणांनी मिळून एका कागदावर सह्या करू नका. गावात निवेदनाला जितक्या सह्या तितकं वजन, फौजेत नेमकं उलट: सामूहिक तक्रार शिस्तभंगात मोजली जाते. सातही जणांचा पगार अडकला असेल तर सात जणांनी सात अर्ज द्यावेत. तिसरं, व्हिडिओ काढून मोबाईलवर पसरवू नका, पत्रकाराकडेही जाऊ नका. आर्मी रूल २१ ने परवानगीशिवाय फौजेच्या विषयावर वृत्तपत्रांशी बोलायला मनाई आहे. खरी तक्रार असलेली चांगली पोरं अशा एका व्हिडिओमुळे स्वतःच आरोपी होऊन बसतात, आणि मूळ प्रश्न कुणी विचारतही नाही.

बटालियनमध्ये निकाल लागला नाही तर पुढची पायरी दक्षिण कमांडचं टीए ग्रुप हेडक्वार्टर, ते पुण्याला. त्यावर दिल्लीचं टेरिटोरियल आर्मीचं महासंचालनालय, आणि शेवटी लष्करप्रमुख. कलम २६ च्या तक्रारीचा ठरलेला नमुना असतो, तो हेड क्लार्ककडून मागून घ्या. पायरी गाळून थेट वर पाठवलेला कागद फिरून खालीच येतो, फक्त दोन-तीन महिने जास्त लागतात.

गावाकडच्या नोकरीतल्या मालकाने कामावरून काढलं तर

टीएचा जवान वर्षातले साधारण दोन महिने प्रशिक्षणाला जातो, कधी बोलावणं त्याहून लांबतं. अशा वेळी त्याला रजा देणं आणि सेवा संपल्यावर आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं प्रादेशिक सेना कायद्याचं कलम ७-अ सांगतं. मालकाने नकार दिला, किंवा आता जमण्यासारखं नाही म्हटलं, तर प्रकरण नियमांनी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जातं. तो अधिकारी मालकाला परत कामावर घ्यायला लावू शकतो, सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो, किंवा कारण पटलं तर मालकाला सूटही देऊ शकतो. पुढच्या कलम ७-ब मध्ये भविष्यनिर्वाह निधीसारख्या हक्कांचं संरक्षण आहे.

आपल्याकडे अडचण वेगळीच असते. जिनिंग, केळीचे ग्रुप, दाळमिल, ट्रान्सपोर्ट, इथे नेमणुकीचा कागदच नसतो. पगार रोख हातात मिळतो. मग आपण तिथे कामाला होतो हेच सिद्ध करणं अवघड. म्हणून भरतीच्या वेळीच मालकाकडून नोकरीचं पत्र लिहून घ्या आणि पगार बँकेत घ्या. प्रत्येक बोलावण्याच्या वेळी पत्राची प्रत मालकाला देऊन त्यावर 'मिळाले' अशी सही घ्या. आणि नोकरी गेलीच तर आधी भांडू नका. कमांडिंग ऑफिसरांना लिहून मालकाच्या नावे पत्र मागा. बटालियनच्या लेटरहेडवरचं, कायद्याचं कलम लिहिलेलं एक पत्र पुष्कळ काम करतं. त्या तरुणाच्या मालकाला कायदा माहीतच नव्हता. पत्र गेल्यावर त्याने मुलाला बोलावून घेतलं. पहिल्या जागेवर नाही, पण त्याच पगारावर वजनकाट्यावर बसवलं.

माहितीचा अधिकार आणि सरकारी पोर्टल

कागद हातात नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी दहा रुपये. आपल्याकडे तहसीलला अर्ज करताना कोर्ट फी स्टॅम्प लावायची सवय असते. केंद्राच्या कार्यालयाला तो चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. मागायचं ते फक्त स्वतःचं: माझ्या अमुक काळाच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेली कार्यवाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने सेवेची तक्रार टाकली आणि आधीचा ठरलेला मार्ग वापरला नसेल, तर ती घेतली जात नाही. पेन्शनरांना मात्र हे पोर्टल खरंच उपयोगी आहे. २०२४ पासून तिथे निकालाची मुदत २१ दिवसांची आहे. पेन्शनच्या रकमेत चूक असेल तर आधी संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठीच्या स्पर्श पोर्टलवर नोंदवा, मग इथे. मोबाईलवर हे जमत नसेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेटीसकट जा. जाताना मूळ कागद दाखवा, पण हातात देताना झेरॉक्सच द्या.

मुंबईचं ट्रायब्युनल

सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावरच इथे यायचं. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण झालं आणि २००९ पासून ते चालू आहे. आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. पगार, पेन्शन, बढती, सेवेतून काढणं हे विषय तिथे चालतात. बदली आणि कुठल्याही प्रकारची रजा हे विषय चालत नाहीत, त्यासाठी वकिलाला पैसे देऊ नका. अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, आणि इथेच आपली माणसं चुकतात. उत्तर आलं की ते देवघरात ठेवून देतात, कापूस विकून झाला की बघू म्हणतात. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख जपा, पाकीट फेकू नका. वरिष्ठांकडून उत्तरच आलं नसेल, तर सहा महिने वाट पाहून जाता येतं. स्वतः उभं राहता येतं, वकीलही देता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना कायद्याची मदत मिळावी म्हणून २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे.

दुखापत झाली असेल तर

एम्बॉडीड असताना हात मोडला, कानाला इजा झाली, तर त्याच आठवड्यात इंज्युरी रिपोर्ट भरून घ्या आणि एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) चिठ्ठीची प्रत ठेवा. 'किरकोळ आहे, कॅम्प संपल्यावर बघू' असं म्हणू नका. घरी आल्यावर तीच इजा ट्रॅक्टरवरून पडून झाली नाही हे पटवणं फार कठीण जातं. टीएवाल्याला अपंगत्व पेन्शन नसते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीएच्या इकॉलॉजिकल बटालियनमधल्या जवानाला ती द्यायला लावली आहे. आणि अशी पेन्शन मिळणारा टीएचा जवान माजी सैनिकाच्या व्याख्येतही बसतो.

घरात जुना रिझर्व्हिस्ट आहे का?

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी आजोबा असतील, जे नियमित फौजेतून काही वर्षांनी रिझर्व्हला आले (गरज पडली तर बोलावू म्हणून घरी पाठवलेले, त्यांनाच रिझर्व्हिस्ट म्हणतात) आणि नंतर कुणी बोलावलंच नाही. १९६१ च्या पेन्शन नियमांत कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष फौजेतली सेवा) आणि रिझर्व्ह सर्व्हिस मिळून पंधरा वर्षं भरली असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शनची तरतूद होती. अनेकांनी ती मागितलीच नाही. ट्रंकेच्या तळाशी डिस्चार्ज बुक असेल. लाल-तपकिरी पुठ्ठ्याचं, कोपरे कुरतडलेलं. ते हळूच उघडा, पानं सुटलेली असतात. भरतीची तारीख, रिझर्व्हला पाठवल्याची तारीख आणि डिस्चार्जची तारीख, या तीन तारखा वहीत उतरवून घ्या, प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि मग रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठावाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. आजोबा हयात नसतील तर आजीच्या नावाची नोंद त्या बुकात कशी लिहिली आहे आणि आधार कार्डावर कशी आहे, हे आधी ताडून बघा. आपल्याकडे माहेरचं एक आणि सासरचं दुसरं नाव असतं. दोन्ही कागदांवर नाव वेगळं निघालं तर आधी तहसीलमध्ये एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, आणि ते पहिल्याच अर्जाला जोडा.